सदर अर्ज विचाराधीन आहे

आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी येते आणि एकादशीला चातुर्मास बसतो. मध्ये फक्त दशमी. ज्यांनी कुणी ही व्यवस्था लावून दिली, त्यांना माणसाची पक्की ओळख असणार. चार महिने कांदा, लसूण, वांगं सोडायचं हे ठीक आहे, पण माणूस ते गुपचूप सोडणार नाही. आधी तो निरोपसमारंभ करणार. मग त्या समारंभालाच एक तिथी देऊन टाकलेली बरी. त्या दिवशी घरात कांद्याची भजी, कांद्याचा झुणका, कांद्याची थालीपीठं होतात आणि वांग्याला वाईट वाटू नये म्हणून त्याचंही भरीत होतं. ज्यांना चातुर्मासाशी काही देणंघेणं नाही, उद्याही कांदा खायचाच आहे, अशी माणसंही केवळ शेजाऱ्याचा संयम जवळ आला म्हणून त्या दिवशी दोन भजी जास्त खातात.

श्रावणाचंही तेच. आषाढी अमावास्येला घरातले पितळी दिवे घासूनपुसून पाटावर मांडायचे, त्यांची पूजा करायची. ही दिव्याची अवस. बाजारात मात्र त्या दिवसाला गटारी म्हणतात आणि मटणाच्या दुकानापुढची रांग पाहिली की दिव्यांचे भक्त कमी पडतात हे लगेच समजतं.

2023 साली श्रावण अधिक आला. 18 जुलैला सुरू झालेला श्रावण थेट 15 सप्टेंबरला संपला. ‘श्रावणात थेंबही नाही’ असं दरवर्षी छातीठोकपणे सांगणाऱ्या आमच्या परिचितांमध्ये तेव्हा अस्सल धर्मचर्चा झडली. अधिक महिना व्रतांच्या हिशेबात धरत नाहीत, खरा श्रावण तो निज, असं एकाने शास्त्राधारे सिद्ध केलं. हे गृहस्थ एरवी शास्त्राच्या वाटेला जात नाहीत. दुसऱ्याचं म्हणणं, अधिकात केलेल्याचं पुण्य कैक पटींनी मिळतं, सबब त्याने अधिक पाळला आणि निज मोकळा सोडला. दोघांनी मिळून पूर्ण श्रावण पाळला, असं म्हणायला हरकत नाही.

स्वतःला सुधारण्याबद्दलची जी पुस्तकं एस. टी. स्टँडवर, फुटपाथवर आणि हल्ली विमानतळावरही मिळतात, त्यांच्यात एक शत्रू असतो. तो आपल्या आत बसलेला असतो, त्याच्याशी झुंजायचं असतं, त्याला चीत करायचं असतं. मुखपृष्ठावर बहुधा डोंगराच्या टोकावर हात पसरून उभा असलेला एक माणूस असतो. माझं निरीक्षण वेगळं आहे. माझ्या आत, आणि मी पाहिलेल्या बहुतेकांच्या आत, शत्रू वगैरे कुणी नाही. तिथे एक कारकून बसलेला आहे. जुन्या कचेरीतला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, अत्यंत विनयशील. त्याने आजवर कुणाच्या सुधारणेला विरोध केलेला नाही. तो फक्त त्रुटी काढतो.

आपण अर्ज करतो, ‘उद्यापासून पहाटे साडेपाचला उठून फिरायला जाण्यास मंजुरी मिळावी.’ तो उभा राहून अर्ज घेतो, ‘स्तुत्य उपक्रम’ असा शेरा मारतो आणि सांगतो की सोबत बूट जोडलेले नाहीत. आपण बूट आणतो. मोजे जुने आहेत. मोजे आणतो, तर आज बुधवार, आठवड्याच्या मध्यावर नवीन खातं उघडता येत नाही, सोमवारी या. सोमवारी आभाळ आलेलं असतं. मंगळवारी रात्री जागरण झाल्यामुळे ‘अर्जदाराची झोप अपुरी असून आरोग्याच्या हितार्थच सदर प्रकरण पुढे ढकलण्यात येत आहे’ अशी टिपणी येते. आरोग्यासाठी केलेला अर्ज आरोग्याच्याच हितार्थ फेटाळला जातो, तरी आपल्याला राग येत नाही. उलट कुणीतरी आपली काळजी घेतंय असं वाटून आपण कूस बदलतो.

या सोमवारचा अभ्यास झालेला आहे. कॅथरिन मिल्कमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये अमेरिकेत दाखवून दिलं की इंटरनेटवर ‘डाएट’ शोधणाऱ्यांची आणि व्यायामशाळेत जाणाऱ्यांची संख्या आठवड्याच्या, महिन्याच्या आणि वर्षाच्या सुरुवातीला चढते. वाढदिवसानंतरही चढते. अपवाद फक्त एकविसाव्या वाढदिवसाचा, कारण त्या वयात तिथे दारू कायदेशीर होते. त्या बिचाऱ्यांकडे नव्याने सुरुवात करायला मोजके दिवस. आपल्याकडे साडेतीन मुहूर्त, शिवाय 1 जानेवारी, शिवाय आर्थिक वर्षाचा 1 एप्रिल, शिवाय वाढदिवस तारखेने वेगळा आणि तिथीने वेगळा. कारकुनाला एवढ्या तारखा मिळाल्यावर तो अर्ज निकालात काढेल कशाला?

बरं, मंजुरी मिळाली तरी किती दिवसांची? ‘एकवीस दिवस केलं की सवय लागते’ हे वाक्य आता सोसायटीच्या लिफ्टमध्येसुद्धा ऐकू येतं. त्याचं मूळ मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लॅस्टिक सर्जनच्या 1960 सालच्या ‘सायको-सायबरनेटिक्स’ या पुस्तकात सापडतं. शस्त्रक्रिया केल्यावर रोग्याला आरशातला आपला नवा चेहरा ओळखीचा वाटायला कमीत कमी एकवीस दिवस लागतात, असं त्यांच्या पाहण्यात आलं होतं. पुढे लोकांनी ‘कमीत कमी’ गाळलं, चेहरा गाळला आणि एकवीस तेवढे ठेवले. म्हणजे नाक नवीन असेल तर एकवीस दिवस. नाक जुनंच आणि ते तपकिरीला सरावलेलं असेल, तर त्याबद्दल डॉक्टरसाहेब काही बोललेले नाहीत.

ज्यांनी खरोखर मोजलं, त्या लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांचे सहकारी. त्यांचा अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. 96 जणांनी प्रत्येकी एक नवी गोष्ट निवडली. कुणी जेवणाबरोबर फळ खायचं ठरवलं, कुणी पाणी प्यायचं, कुणी व्यायाम. गोष्ट आपोआप घडू लागायला सरासरी 66 दिवस लागले. कुणाला 18 पुरले, तर एकाचा हिशेब 254 वर गेला, आणि तोही अंदाजाने काढावा लागला, कारण मुळात अभ्यासच 84 दिवसांचा होता. म्हणजे या शेवटच्या हिशेबाने 1 जानेवारीला लावून घेतलेली सवय गणपतीच्या सुमाराला अंगी मुरणार. तोपर्यंत व्यायामशाळेची वर्गणी संपलेली असते आणि मोदक सुरू झालेले असतात.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली. ती भिंतीवर चिकटवण्यासारखी आहे, पण तिची कधी पोस्टरं झाली नाहीत. मधे एखादा दिवस चुकला, तर सवय लागण्याच्या कामात फारसा काही फरक पडत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करायचं, बस. कारकून नेमका हाच कागद फायलीतून गायब करतो. त्याच्याकडचा नियम असा की एक दिवस खंड पडला की संपूर्ण प्रकरण रद्द आणि नव्याने अर्ज. संकष्टीच्या दिवशी कचेरीत कुणाच्या तरी मुलीच्या निकालाचे पेढे येतात, पेढ्यांबरोबर समोसा येतो, बोलण्याच्या नादात समोसा तोंडात जातो आणि मग ‘उपास मोडलाच आहे’ या एका वाक्यावर दुपारी बिर्याणी मागवली जाते. समोसा चुकून झाला, हे मान्य. बिर्याणी ठरावाने मंजूर झालेली असते.

हासुद्धा आपलाच खास दोष आहे असं समजू नये. 1975 मध्ये पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी काही विद्यार्थिनींना चव ओळखण्याच्या निमित्ताने बोलावलं. आधी काहींना मिल्कशेक पाजला, मग समोर आइस्क्रीम ठेवलं. ज्यांना खाण्यापिण्याचं पथ्य नव्हतं, त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. पोट भरलेलं होतं, सरळ हिशेब. ज्या पथ्यावर होत्या, त्यांनी मिल्कशेक प्यायल्यावर आइस्क्रीम जास्त खाल्लं. दोन संशोधकांना विद्यापीठात हा प्रयोग करावा लागला. आमच्याकडे एकादशी आणि दुप्पट खाशी यांची जोडी पोरांनाही पाठ असते.

2018च्या आसपास महाराष्ट्रात घराघरांत आहाराच्या पद्धतीवरून दोन तट पडले होते, दीक्षित आणि दिवेकर. डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं सांगणं असं की दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण 55 मिनिटांत उरका, मधे काही नको. सांगणं साधं होतं आणि ते मनापासून पाळणारेही पुष्कळ भेटले. पण आमच्या नात्यातल्या एका काकांच्या आतल्या कारकुनाने त्या नियमातला आकडा तेवढा हेरला. लग्नाच्या पंगतीत ते मोबाइलवर वेळ लावून बसत. पहिली पंचवीस मिनिटं रीतसर जेवण. नंतर गप्पा. पंचेचाळीसावं मिनिट लागलं की त्यांच्या चेहऱ्यावर गंभीर भाव येत आणि वाढप्याला हाक जाई, ‘अहो, जिलबी लवकर आणा, माझी दहाच मिनिटं राहिलीत!’ फलाटावरून रेल्वे सुटायच्या बेतात असल्यासारखी धावपळ होऊन त्यांच्या पानात जिलब्या पडत. 55 मिनिटं पुरी झाली की ते ताटावरून असे उठत की पाहणाऱ्याला वाटावं, काय हा निग्रह!

जुन्या माणसांचे नेमही काही कमी हास्यास्पद नसत, पण ते पुरे होत. याचं मला कुतूहल आहे. आमच्या आत्याने एका चातुर्मासात मौन धरून जेवायचा नेम केला होता. आत्या म्हणजे पानावर बसल्यापासून आचवेपर्यंत प्रत्येक पदार्थावर जाहीर अभिप्राय देणारी बाई. तिने हाच नेम का निवडला हे कुणाला समजलं नाही. सुनेने मात्र त्या दिवशी देवापुढे साखर ठेवली.

पहिला आठवडा घरात कोडी सोडवण्यात गेला. आत्याने अंगठा आणि तर्जनी जुळवून चिमूट दाखवली, मग भाजीकडे पाहिलं, मग सुनेकडे आणि शेवटी वर आढ्याकडे. घरातल्यांनी तातडीने आढ्याची जळमटं काढली. भाजीत मीठ कमी आहे आणि देवा, आता तूच बघ, असा तो निरोप होता. दसऱ्यापर्यंत तिच्या हातांना इतकी वाचा फुटली की सुनेच्या माहेरच्या दोन पिढ्यांबद्दलचं मत ती एका भुवईत सांगू शकत असे. पण शब्द एकही नाही. कार्तिकीला नेम संपला, उद्यापनाला रिवाजाप्रमाणे घंटा दान दिली आणि त्या पंगतीत ती जी बोलायला लागली, ती वाढपी थकले तरी थांबली नाही. मात्र त्या दिवसानंतर तिने सुनेच्या भाजीला नावं ठेवल्याचं कुणी ऐकलं नाही. चार महिने तोंड बंद ठेवून जेवल्यावर, भाजी बरी होते, हे तिच्या ध्यानात आलं असावं. तोंडाने ते तिने कबूल केलं नाही, ही गोष्ट निराळी.

तिचा नेम का टिकला? एक तर त्याला शेवट होता. कार्तिकीला सुटका आहे हे ठाऊक असलं की भाद्रपद काढता येतो. वांग्याचंही तसंच आहे. खंडोबा ज्यांचं कुलदैवत, त्यांच्याकडे चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला की वांगं सन्मानाने घरात परत येतं. सोडण्याला तिथी, परतण्यालाही तिथी. आपण आधुनिक माणसं सोडतो ते एकदम कायमचं, आणि ‘कायमचं’ एवढा शब्द उच्चारला की कारकून आतल्या खोलीत जाऊन साहेबांची सही आणतो असं सांगतो, तो परत येत नाही.

दुसरं म्हणजे आत्याच्या नेमाला अख्खा वाडा साक्षीदार होता. ती बोलली असती तर जिन्याखालच्या बिऱ्हाडापर्यंत बातमी गेली असती. आपण हल्ली सुधारणा खासगीत करतो. साक्षीला मोबाइलमधलं एक ॲप असतं, ते रोज रात्री हिरवी खूण करायला सांगतं. ॲपला लाज वाटत नाही आणि ते कुणाच्या घरी चहाला जाऊन आपली बदनामीही करत नाही. कंटाळा आला की ॲप काढून टाकता येतं. जिन्याखालचं बिऱ्हाड काढून टाकता येत नसे.

आणि तिसरी गोष्ट, जिच्यात विनोद करायला फारसा वाव नाही. लहानपणी संध्याकाळी देवापुढे दिवा लागला की हातपाय धुवायचे, शुभंकरोती म्हणायची आणि मग परवचा. पावकी, निमकी, पाऊणकी. आम्हाला परवचा आवडत नव्हती. आम्ही ठरवून, निर्धार करून, प्रेरणा घेऊन कधीच ती म्हटली नाही. दिवा लागला की तोंड सुरू होई. पीटर गॉलवित्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1999 मध्ये सविस्तर मांडलेलं तत्त्व हेच आहे. ‘मी व्यायाम करीन’ असं नुसतं ठरवणाऱ्यापेक्षा ‘अमुक झालं की मी तमुक करीन’ असं ठरवणाऱ्याच्या हातून काम जास्त वेळा पार पडतं. आमच्या घरी ते तत्त्व आजी समई पुसता पुसता राबवत होती. प्रकरण कारकुनाच्या टेबलावर जातच नसे, परस्पर वरच्या वर निकालात निघे.

दारू आणि गर्दच्या व्यसनापाशी आलं की कारकून, समोसे वगैरे बोलणं तोकडं पडतं. पुण्यात 1986 मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ सुरू केलं. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांचा त्याला मोठा आधार होता. अमेरिकेत अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस 1935 मध्ये सुरू झालं, तेव्हापासून या वाटेवरच्या माणसांनी एक गोष्ट धरून ठेवली आहे. आयुष्यभराची शपथ मागायची नाही. फक्त आजचा दिवस. उद्याचं उद्या. इतकी भयंकर लढाई लढणारी माणसं एका दिवसापलीकडे बोलत नाहीत आणि आपण रात्री दहानंतर मोबाइल न बघण्याचे पाच-पाच वर्षांचे आराखडे करतो. मला वाटतं, कारकुनाकडे उद्याचे, परवाचे, सोमवारचे सगळे फॉर्म आहेत. ‘आज’चा फॉर्म त्याच्या कपाटात छापलेलाच नाही.

सोलापूरकडचे आमचे मामा माळकरी. गळ्यात तुळशीची माळ घातली त्या दिवसापासून मटण आणि दारू बंद, वारी सुरू. गावात माळकऱ्यावर इतके डोळे असतात की मामा परमिट रूमच्या नुसते समोरून गेले तरी आत बसलेले लोक ग्लास टेबलाखाली घेतात. पण मामांची तंबाखू चालू होती. विचारलं की म्हणत, “माळंच्या नियमात तंबाखू कुठं हाय, दाव.” कीर्तन ऐकता ऐकता ते तळहातावर ती मळत. 2016 पासून पुडीच्या 85 टक्के भागावर ते भयानक चित्र यायला लागलं, तेव्हा मामांनी तोडगा काढला. दुकानातून पुडी घ्यायची, डोळे मिटल्यासारखे करून आजोबांच्या वेळच्या चंचीत ओतायची आणि पुडी तिथेच टाकून यायची. डॉक्टर बोलले, नातवंडं बोलली, एका बुवांनी तर कीर्तनातच त्यांच्याकडे पाहून दृष्टांत दिला. मामांनी मान डोलावली आणि चुन्याची डबी उघडली.

तंबाखू सुटली ती साडूमुळे. एका लग्नाच्या मांडवात, व्याही-विहिणींच्या देखत, साडू म्हणाले, “पाव्हणं, माळ काय कुणीबी घालतंय. पुडी सोडून दावा. तुमच्याच्यानं व्हायचं न्हाई.” मामांनी चंची कंबरेची सोडून साडूंच्या हातात दिली. त्यात वैराग्य नव्हतं, आरोग्याचा विचार तर अजिबात नव्हता. शुद्ध ईर्ष्या होती.

पहिले काही दिवस मामा म्हशीशीही भांडले. रिकाम्या तळहातावर अंगठा घासत बसायचे. मग मामींनी त्यांच्या हातावर बडीशेप ठेवायला सुरुवात केली. ते ती मळतात, वर दोन टाळ्या मारून नसलेली धूळ उडवतात आणि चिमूट ओठाखाली धरतात. हाताची सवय जशीच्या तशी आहे, आतला माल बदलला. आणि दर रविवारी संध्याकाळी साडूंचा फोन येई, “काय पाव्हणं, घेतली का न्हाई परत?” त्या आवाजात इतकी आशा असे की मामांना आणखी एक आठवडा काढणं भाग पडे.

आता मामांचा प्रश्न मिटला आहे, अडचण साडूंची झाली आहे. त्यांच्या घरी रोज जेवताना मामांचं उदाहरण निघतं. मामांची चंची मात्र साडूंच्याच कंबरेला आहे, कारण चंची चांगली होती. परवा कुणीतरी त्यांना सगळ्यांच्या देखत विचारलं, तेव्हा त्यांनी जाहीर केलं की येत्या पाडव्याला आपणही सोडणार. गुढीपाडवा की दिवाळीचा पाडवा, आणि कुठल्या सालचा, ते त्यांनी सांगितलेलं नाही.